मंत्रिपदाविना सत्ता : धनंजयराव गाडगीळ आणि नियोजन आयोग

अध्यापन सोडून शासनात गेलेल्या विद्वानांची महाराष्ट्रातील परंपरा शंभर वर्षांची आहे आणि तिचा आरंभच एका अडचणीतून झाला. १९१९ च्या कायद्याने प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आली, म्हणजे कारभाराचे ‘राखीव’ आणि ‘सोपीव’ असे दोन भाग पाडून सोपीव खाती तेवढी भारतीय मंत्र्यांकडे देण्यात आली. या पद्धतीत १९२१ मध्ये मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्रिपद रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्याकडे आले. १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले येऊन ‘सीनिअर रँग्लर’ ठरलेले आणि पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झालेले परांजपे त्या खात्यासाठी सर्वथा योग्य होते. परंतु शिक्षण सोपीव होते आणि तिजोरी राखीव होती. त्यामुळे १९२३ चा प्राथमिक शिक्षणाचा कायदा त्यांच्या कारकिर्दीत संमत झाला, तरी सक्तीच्या शिक्षणाला लागणारा पैसा कायदा करणाऱ्या मंत्र्याच्या हाती नव्हता. ज्ञान एका हाती आणि अधिकार दुसऱ्या हाती, ही गाठ पुढे अनेकांच्या वाट्याला आली. सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवलेले आणि मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४७ मध्ये केंद्रात कायदामंत्री झाले आणि १९५१ मध्ये, हिंदू संहिता विधेयक रेंगाळल्यानंतर, त्यांनी राजीनामा दिला. सिद्धार्थ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणारे मधु दंडवते १९७७ मध्ये रेल्वेमंत्री आणि १९८९ मध्ये अर्थमंत्री झाले. भारताबाहेरही हीच वाट दिसते. पॅलेस्टाईनमधील बिरझेत विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकवणाऱ्या हनान अश्रावी १९९६ मध्ये तेथील उच्चशिक्षण मंत्री झाल्या आणि दोन वर्षांत मंत्रिमंडळाबाहेर पडल्या.

या मालिकेत नाशिकला जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ धनंजय रामचंद्र गाडगीळ यांचे स्थान वेगळे आहे. १९६७ ते १९७१ या काळात ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते, म्हणजे देशाची पंचवार्षिक योजना ठरवणाऱ्या यंत्रणेचे प्रत्यक्ष प्रमुख होते, कारण अध्यक्षपद पदसिद्ध पंतप्रधानांकडे असे. मात्र ते मंत्री नव्हते, आणि नियोजन करणाऱ्याने मंत्री असू नये हे त्यांचे स्वतःचेच, पद मिळण्यापूर्वी नऊ वर्षे जाहीरपणे मांडलेले मत होते. विद्वानाला शासनात शिरायचे असेल तर मंत्रिपदाच्या वाटेने शिरावे की तज्ज्ञाच्या, या प्रश्नाचा इतका स्वच्छ प्रयोग भारतात क्वचितच झाला असेल.

येथे एक खुलासा आवश्यक आहे, कारण ‘गाडगीळ’ या नावाने बराच घोटाळा होतो. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या केंद्रीय मंत्रिमंडळातले काकासाहेब, म्हणजे नरहर विष्णू गाडगीळ, हे निराळे; आणि सह्याद्रीच्या पर्यावरणावरील २०११ च्या अहवालामुळे ज्यांचे नाव घरोघरी पोहोचले ते परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ हे धनंजयरावांचे पुत्र. योगायोग असा की पुणे विद्यापीठाचे कुलगुरुपद काकासाहेबांच्या पश्चात १९६६ मध्ये धनंजयरावांकडेच आले, त्यामुळे घोटाळ्यात आणखी भर पडली.

धनंजयरावांचा जन्म १० एप्रिल १९०१ चा. नागपुरातील शिक्षणानंतर ते केंब्रिजला गेले आणि तेथे लिहिलेला भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवरचा त्यांचा प्रबंध १९२४ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. तेविसाव्या वर्षी लिहिलेल्या या पुस्तकाच्या पुढे अनेक आवृत्त्या निघाल्या आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी ते वाचले. सुरतेच्या महाविद्यालयात पाच वर्षे प्राचार्यपद सांभाळल्यावर १९३० मध्ये ते पुण्याला आले आणि भारत सेवक समाजाच्या आवारात नव्याने सुरू झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे पहिले संचालक झाले. हे पद त्यांनी सुमारे साडेतीन दशके सांभाळले.

गोखले संस्थेतील कामाची रीत नीट पाहिल्याशिवाय दिल्लीतील गाडगीळ समजत नाहीत. त्या काळी अर्थशास्त्राचे अध्यापन बहुतेक इंग्रजी ग्रंथांच्या आधाराने चाले आणि शेतकऱ्याच्या खर्चाचा, फळबाजारातील दलालीचा किंवा मोटार सर्व्हिसच्या भाड्याचा हिशेब हा विद्यापीठाचा विषय मानला जात नसे. गाडगीळांनी नेमके हेच विषय घेतले. पुण्यातील फळांच्या विक्रीव्यवस्थेची पाहणी १९३३ मध्ये, मुंबई इलाख्याच्या सहा जिल्ह्यांतील मोटार वाहतुकीची १९३५ मध्ये आणि वाई तालुक्यातील शेतीव्यवसायाची १९४० मध्ये प्रसिद्ध झाली. पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी त्यानंतर दोन भागांत आली. नमुना निवडून घरोघर माहिती गोळा करायची, तिची कोष्टके करायची आणि कोष्टके बोलतील तेवढेच बोलायचे, हा या पाहण्यांचा शिरस्ता होता. ही पुस्तके आज रुक्ष वाटतात हे खरे. पण महाराष्ट्राच्या खेड्यात आणि बाजारपेठेत पैसा कसा फिरतो याची विश्वसनीय नोंद प्रथम याच कोष्टकांत झाली.

या पाहण्यांपैकी एकीचा संबंध थेट गोदावरीच्या खोऱ्याशी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी इगतपुरीजवळ दारणा नदीवर धरण बांधले गेले आणि निफाड तालुक्यातील नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यापासून गोदावरीचे उजवा आणि डावा असे दोन कालवे निघून ते कोपरगावच्या बाजूला गेले. दक्षिणेला भंडारदऱ्याच्या धरणातून प्रवरेचे कालवे निघाले. ब्रिटिश सरकार पाटबंधाऱ्यांचे ‘उत्पादक’ आणि ‘संरक्षक’ असे दोन वर्ग करी. ज्या कामाच्या पाणीपट्टीतून गुंतवलेल्या भांडवलाचे व्याज सुटते ते उत्पादक, आणि जे दुष्काळापासून बचाव म्हणून तोटा सोसून बांधायचे ते संरक्षक. या फूटपट्टीने दख्खनचे कालवे तोट्याचे ठरत. गाडगीळांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या पाहणीत फूटपट्टीच बदलली. कालव्याचा लाभ म्हणजे सरकारी तिजोरीत पडलेली पाणीपट्टी एवढाच नव्हे. बागायतदाराचे वाढलेले उत्पन्न, मजुराला मिळालेले काम, उसावर उभे राहिलेले साखर कारखाने, वाढलेला व्यापार आणि वाहतूक, आणि या सर्वांतून सरकारला अन्य करांच्या रूपाने परत मिळणारा पैसा, हे सारे त्या लाभात मोजले पाहिजे, असे त्यांनी धरले. प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष लाभांची अशी मोजदाद आज प्रत्येक मोठ्या प्रकल्पाच्या अहवालात सक्तीने करावी लागते. भारतातील तिच्या पहिल्या नमुन्यांपैकी एक नाशिक-नगरच्या या पट्ट्यात तयार झाला आहे.

पाहणी करून गाडगीळ थांबले नाहीत. प्रवरेच्या कालव्याखाली हरेगाव, टिळकनगर येथे खासगी साखर कारखाने होते आणि ऊस पिकवणाऱ्या शेतकऱ्याला भाव ठरवण्यात काही स्थान नव्हते. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील यांनी शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर कारखाना उभारण्याचे मनावर घेतले, तेव्हा गाडगीळ त्यांच्यामागे उभे राहिले, मुंबई राज्याचे अर्थ व सहकारमंत्री वैकुंठभाई मेहता यांचा त्याला आधार मिळाला, आणि १९५० च्या सुमारास चालू झालेल्या प्रवरा सहकारी साखर कारखान्याचे अध्यक्षपद गाडगीळांनी सुमारे दहा वर्षे सांभाळले. केंब्रिजचा पदवीधर संचालक आणि फारसे शालेय शिक्षण नसलेला शेतकरी पुढारी यांची ही जोडी महाराष्ट्राच्या सहकाराची दंतकथा झाली आहे आणि दंतकथेत गाडगीळांचा वाटा बहुधा ‘मार्गदर्शक’ या एका गुळगुळीत शब्दात उरकला जातो. वास्तविक ते अध्यक्ष होते. सभा चालवणे, हिशेब पाहणे, कर्ज मिळवणे ही कामे त्यांनी केली. पुढे निफाड आणि दिंडोरीपर्यंत सहकारी कारखान्यांची जी रांग लागली, तिच्या मुळाशी हा प्रयोग आहे.

दरम्यान शासनाशी त्यांचा संबंध सल्लागार म्हणून येत होता आणि त्या अनुभवाने त्यांची पुढील मते घडली. १९४५ मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखालील उपसमितीने शेतीकर्जाच्या व्यवस्थेवर अहवाल दिला. १९४७ मध्ये केंद्र सरकारने किमतींबाबत सल्ला देण्यासाठी नेमलेल्या मंडळात ए. डी. गोरवाला आणि गाडगीळ होते. धान्यावरील नियंत्रणे घाईने उठवू नयेत असे या मंडळाचे मत होते. सरकारने वर्षअखेरीस ती उठवायला सुरुवात केली, किमती भडकल्या आणि १९४८ मध्ये नियंत्रणे पुन्हा आणावी लागली. तोपर्यंत मंडळ संपुष्टात आले होते. नंतर रिझर्व्ह बँकेने केलेल्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीच्या समितीतही गोरवाला अध्यक्ष आणि गाडगीळ सदस्य होते. १९५४ च्या या अहवालात असे दिसले की शेतकरी जेवढे कर्ज काढतो त्यातील जेमतेम ३ टक्के सहकारी संस्थांकडून येते आणि सुमारे ७० टक्के सावकारांकडून. या आकड्यांवरून सहकार निकामी ठरवण्याऐवजी समितीने उलट निष्कर्ष काढला : दुबळ्यांनी एकत्र येऊन बलवानांच्या बाजारात टिकावे अशी अपेक्षा असेल तर राज्याने त्या संस्थांत भागीदार म्हणून उतरले पाहिजे. १९५५ मध्ये इंपीरिअल बँकेचे स्टेट बँकेत झालेले रूपांतर हे याच अहवालाचे फळ होय.

सल्ला मानला गेला की काय होते आणि झिडकारला गेला की काय होते, हे दोन्ही पाहिलेल्या गाडगीळांनी १९५८ मध्ये अहमदाबादच्या लास्की संस्थेत नियोजन आयोगावर व्याख्यान दिले. १५ मार्च १९५० च्या मंत्रिमंडळ ठरावाने स्थापन झालेला हा आयोग घटनेत कोठेही नाही. त्याचे काम साधनसंपत्तीचा अंदाज घेणे, योजना आखणे आणि तिच्या प्रगतीचे परीक्षण करणे, म्हणजे मूलतः सल्ल्याचे होते. पण पंतप्रधान त्याचे अध्यक्ष, अर्थमंत्री आणि इतर मंत्री त्याचे सदस्य, त्यामुळे आयोगाच्या शब्दाला आदेशाचे वजन आले आणि आयोग खात्यांच्या दैनंदिन निर्णयांत गुंतला. गाडगीळांचे निदान असे होते की यात दोन्हींकडून तोटा झाला. निर्णयात भागीदार झालेला आयोग त्या निर्णयांचा निःपक्ष परीक्षक राहिला नाही, आणि रोजच्या कामात बुडालेल्या सदस्यांना दूरवरचा विचार करायला वेळ उरला नाही. पुढे १९६७ च्या आरंभी लिहिलेल्या लेखात त्यांनी याच्याही पुढे जाऊन म्हटले की भारतीय योजना ही गुंतवणुकीची यादी आहे, पण किमती, उत्पन्ने आणि वाटप यांबाबतच्या धोरणाची चौकट तिला नाही.

त्याच वर्षी प्रशासकीय सुधारणा आयोगाने नियोजन यंत्रणेवर अंतरिम अहवाल दिला आणि तज्ज्ञांचा, मंत्र्यांविना चालणारा नियोजन आयोग असावा अशी शिफारस केली. ती बऱ्याच अंशी मान्य होऊन पंतप्रधान आणि अर्थमंत्री एवढे दोघे राहिले, आणि सप्टेंबर १९६७ मध्ये अशोक मेहता यांच्या जागी गाडगीळ उपाध्यक्ष झाले. मेहता हे नियोजनमंत्रीही होते. गाडगीळ कोणतेही मंत्री नव्हते. टीकाकाराला त्याच्याच आराखड्याप्रमाणे बांधलेले घर राहायला देण्याचा हा प्रकार होता. त्याच वर्षी दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे संस्थापक व्ही. के. आर. व्ही. राव यांनी नेमकी उलट वाट धरली. ते लोकसभेवर निवडून आले, जहाजवाहतूक आणि परिवहन खात्याचे मंत्री झाले आणि १९६९ मध्ये शिक्षणमंत्री. एकाच पिढीचे, एकाच विषयाचे दोन संस्थासंस्थापक एकाच वेळी दोन दारांनी शासनात गेले होते.

गाडगीळांच्या हाती आलेला आयोग त्या वेळी विकल अवस्थेत होता. १९६५ चे युद्ध, त्यानंतर लागोपाठ दोन वर्षांचा दुष्काळ आणि जून १९६६ मधील रुपयाचे अवमूल्यन यांमुळे चौथी योजना वेळेवर सुरू होऊच शकली नाही आणि १९६६ ते १९६९ ही तीन वर्षे वार्षिक योजनांवर निभावली. या खंडाला पुढे ‘योजनेची सुट्टी’ असे उपरोधिक नाव पडले. त्यातच १९६७ च्या निवडणुकांनंतर अनेक राज्यांत काँग्रेसेतर सरकारे आली. तोपर्यंत केंद्र आणि राज्य यांच्यातला पैशाचा व्यवहार एका पक्षाच्या घरातला व्यवहार होता. मुख्यमंत्री दिल्लीला जात, चर्चा होई आणि काही ना काही पदरात पडे. आता मद्रास, कलकत्ता आणि त्रिवेंद्रम येथील सरकारे हिशेब मागू लागली आणि त्यांना ‘तुम्हाला इतके का आणि त्यांना तितके का’ याचे उत्तर देणे भाग झाले.

या उत्तरालाच ‘गाडगीळ सूत्र’ म्हणतात. ते समजण्यासाठी केंद्राकडून राज्यांना जाणाऱ्या पैशाच्या दोन वाटा ध्यानात घ्याव्या लागतात. एक वाट घटनेच्या कलम २८० नुसार दर पाच वर्षांनी नेमल्या जाणाऱ्या वित्त आयोगाची. तो करांतील राज्यांचा वाटा आणि काही अनुदाने ठरवतो. दुसरी वाट योजनेसाठीच्या केंद्रीय साहाय्याची. ती नियोजन आयोगाच्या हाती होती आणि तिला कोणताही लिखित निकष नव्हता. साहाय्य योजनानिहाय मिळे, प्रत्येक कार्यक्रमाला अनुदान आणि कर्जाचे प्रमाण निराळे असे, आणि जास्त अनुदानाचे कार्यक्रम पाहून राज्ये आपली योजना बेतत, मग राज्याची गरज काही का असेना. चौथ्या योजनेच्या वेळी राष्ट्रीय विकास परिषदेने, म्हणजे पंतप्रधान आणि सर्व मुख्यमंत्र्यांच्या मंडळाने, ही पद्धत मोडीत काढली. आसाम, जम्मू-काश्मीर आणि नागालँड या तीन राज्यांच्या गरजा आधी बाजूला काढून उरलेल्या रकमेपैकी ६० टक्के लोकसंख्येच्या प्रमाणात, १० टक्के दरडोई उत्पन्न राष्ट्रीय सरासरीखाली असलेल्या राज्यांना, १० टक्के करवसुलीच्या प्रयत्नांनुसार, १० टक्के चालू असलेल्या मोठ्या पाटबंधारे व वीजप्रकल्पांसाठी आणि १० टक्के राज्यांच्या खास अडचणींसाठी असे वाटप ठरले. साहाय्य कार्यक्रमाला न देता एकगठ्ठा द्यायचे आणि त्यात ३० टक्के अनुदान व ७० टक्के कर्ज असे प्रमाण सर्वांना सारखे ठेवायचे, हा त्याचा दुसरा भाग होता.

या सूत्रात विद्वत्तेची चमक शोधू गेल्यास हाती काही लागत नाही. पाच निकष आणि त्यांचे शेकडा भाग हे शाळेतल्या मुलालाही समजेल असे गणित आहे. त्याचे महत्त्व त्याच्या जाहीरपणात होते. १९६९ नंतर कोणत्याही राज्याचा अर्थसचिव कागद-पेन्सिल घेऊन आपला वाटा काढू शकत होता आणि दिल्लीतल्या मर्जीला, निदान या एका रकमेपुरता, वाव राहिला नाही. त्यामागे गाडगीळांचा जुना विचार होता. १९४५ मध्येच त्यांनी भारताच्या संघराज्यरचनेवर पुस्तक लिहिले होते आणि संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीशीही ते संयुक्त महाराष्ट्र परिषदेच्या आरंभापासून जोडलेले होते. राज्ये ही केंद्राची खाती नसून संघराज्याचे घटक आहेत, ही त्यांची धारणा अशी पैशाच्या भाषेत उतरली. येथे एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. दरडोई उत्पन्नाचे १० टक्के फक्त सरासरीखालच्या राज्यांसाठी होते आणि महाराष्ट्राचे उत्पन्न सरासरीच्या वर होते. त्यामुळे ज्याच्या नावाने सूत्र ओळखले जाते त्याच्याच राज्याला त्यातील या भागातून काही मिळाले नाही.

सूत्रावरील आक्षेपही तितकेच खरे आहेत. ६० टक्के भाग लोकसंख्येनुसार वाटणे म्हणजे श्रीमंत आणि गरीब राज्यांना माणशी जवळपास सारखेच देणे, आणि त्यामुळे बिहार किंवा ओडिशा यांचे मागासलेपण भरून निघण्याची शक्यता नव्हती. १९८० मध्ये चालू प्रकल्पांचे १० टक्के दरडोई उत्पन्नाकडे वळवून ही उणीव अंशतः दूर करण्यात आली. १९९१ च्या ‘गाडगीळ-मुखर्जी सूत्रा’त उत्पन्नाचा भाग २५ टक्के झाला. ७० टक्के कर्जाच्या अटीमुळे राज्यांच्या डोक्यावर व्याजाचा बोजा वाढत गेला. सर्वांत मोठी पळवाट मात्र सूत्राच्या बाहेर होती. केंद्र पुरस्कृत योजना, म्हणजे केंद्राने आखलेल्या, केंद्राच्या अटींवर पैसा मिळणाऱ्या आणि राज्यांनी राबवायच्या योजना, राज्यांच्या योजनेसाठीच्या एकूण साहाय्याच्या सहाव्या-सातव्या हिश्शाच्या मर्यादेत ठेवाव्यात असे विकास परिषदेने ठरवले होते. ही मर्यादा पाळली गेली नाही, अशा योजना वाढतच गेल्या आणि पुढच्या दाराने घालवलेली मर्जी मागच्या दाराने परत आली.

दुसरे टिकाऊ काम बँकांबाबतचे आहे. राष्ट्रीय पत परिषदेने नेमलेल्या आणि गाडगीळांच्या अध्यक्षतेखाली काम करणाऱ्या अभ्यासगटाने ऑक्टोबर १९६९ मध्ये अहवाल दिला; १९ जुलैला १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण होऊन तीनच महिने झाले होते. देशातल्या सुमारे साडेपाच लाख खेड्यांपैकी एक टक्का खेड्यांतही व्यापारी बँकेची शाखा नाही, हे वास्तव समोर ठेवून गटाने ‘क्षेत्रनिष्ठ दृष्टिकोन’ सुचवला, म्हणजे बँकांनी सगळ्या देशभर एकमेकींच्या शेजारी शाखा काढत बसण्यापेक्षा प्रत्येक जिल्ह्याच्या बँकव्यवस्थेच्या वाढीची जबाबदारी एकेका बँकेवर टाकावी. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या नरिमन समितीनेही याच दिशेने शिफारस केली आणि डिसेंबर १९६९ मध्ये रिझर्व्ह बँकेने ‘अग्रणी बँक योजना’ सुरू केली. जिल्हा हे नियोजनाचे एकक मानण्याची ही दृष्टी आयोगाने त्याच वर्षी राज्यांना पाठवलेल्या जिल्हा योजनांच्या मार्गदर्शक सूचनांतही दिसते. वाई तालुक्याची पाहणी करणाऱ्या माणसाने दिल्लीत बसूनही तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या मापानेच विचार केला, असे म्हणता येईल.

खुद्द चौथ्या योजनेला मात्र असे यश मिळाले नाही. मेहतांच्या काळातील २३,७५० कोटी रुपयांचा मसुदा बाजूला पडून १९६९ ते १९७४ साठी २४,८८२ कोटींची योजना ठरली. त्यात सार्वजनिक क्षेत्राचा भाग १५,९०२ कोटींचा होता. मधल्या अवमूल्यनाने आणि महागाईने रुपयाची किंमत उतरली होती हे लक्षात घेतले तर नवी योजना जुन्या मसुद्याहून लहानच म्हणावी लागेल आणि ‘महत्त्वाकांक्षा नाही’ असा ठपका तिच्यावर ताबडतोब आला. स्थैर्यासह वाढ, धान्याचा राखीव साठा आणि परकीय मदतीवरील अवलंबन कमी करणे हे तिचे हेतू संयमी माणसाचे होते. राजकारणाची हवा मात्र संयमाची नव्हती. १९६९ मध्ये काँग्रेस फुटली, १९७१ ची निवडणूक गरिबी हटवण्याच्या घोषणेवर लढली गेली आणि जिंकली गेली, आणि सरकारला पाच वर्षांच्या हिशेबापेक्षा लगेच दिसतील असे कार्यक्रम हवे होते. जून १९७० पासून अर्थमंत्री यशवंतराव चव्हाण होते, जे १९६३ मध्ये नाशिक मतदारसंघातूनच प्रथम लोकसभेवर, तेही बिनविरोध, निवडून गेले होते; परंतु अर्थ आणि नियोजन दोन्ही मराठी माणसांकडे असल्याने आयोगाच्या शब्दाचे वजन वाढले असे दिसत नाही. ५.७ टक्के वाढीचे उद्दिष्ट ठेवलेल्या योजनेत प्रत्यक्ष वाढ ३.३ टक्के झाली. त्याला निर्वासितांचे लोंढे, १९७१ चे युद्ध, १९७२ चा दुष्काळ आणि १९७३ ची तेलाची भाववाढ कारणीभूत झाली, आणि या चारही गोष्टी गाडगीळांच्या आवाक्याबाहेरच्या होत्या.

निवडणुकीनंतर आयोगाची पुन्हा फेररचना झाली. मे १९७१ च्या आरंभी गाडगीळ पदावरून दूर झाले आणि त्यांच्या जागी सी. सुब्रमण्यम् आले, जे नियोजनमंत्री होते. म्हणजे प्रशासकीय सुधारणा आयोगाने मोडलेली आणि गाडगीळांनी १९५८ मध्ये सदोष ठरवलेली जुनी व्यवस्थाच परत आली. पद सोडल्यावर दोनच दिवसांनी, ३ मे १९७१ रोजी, गाडगीळांचे निधन झाले.

या चार वर्षांचा निवाडा करताना ‘विद्वानाला राजकारण मानवले नाही’ असे ठरावीक उत्तर दिले जाते आणि ते अपुरे आहे. गाडगीळांनी प्रवरानगरला दहा वर्षे सहकाराचे राजकारण केले होते, तेव्हा व्यवहार त्यांना नवा नव्हता. नियम म्हणून सांगता येईल, एकदा मान्य झाला की कोणाच्या मर्जीविना चालत राहील, असे जे जे त्यांनी दिले ते टिकले. सूत्र टिकले, अग्रणी बँक टिकली. ज्याला रोज सत्तेचा आधार लागतो ते, म्हणजे किमतींचे धोरण आणि योजनेची शिस्त, टिकले नाही, कारण तो आधार मंत्रिमंडळात बसणाऱ्यालाच मिळतो. १९५८ चे त्यांचे निदान म्हणून अर्धे बरोबर होते. मंत्री नसलेला आयोग निःपक्ष राहू शकतो हे त्यांनी दाखवले. त्याचे ऐकले जाईल याची हमी कशात आहे, याचे उत्तर त्या निदानात नव्हते. राव यांची वाटही फार लांब गेली नाही हे खरे, कारण तेही १९७१ मध्येच मंत्रिमंडळातून बाहेर पडले आणि बंगळूरला नवी संशोधन संस्था उभारण्याच्या कामाला लागले.

नियोजन आयोग बरखास्त होऊन १ जानेवारी २०१५ रोजी नीती आयोग आला आणि चौदाव्या वित्त आयोगाच्या शिफारशींनंतर त्याच वर्षी सूत्रानुसार दिले जाणारे साहाय्यही बंद झाले. सेहेचाळीस वर्षे ते दुरुस्त्यांसह चालले होते. अग्रणी बँक योजना अद्याप चालू आहे, आणि नाशिक जिल्ह्यासाठी ती जबाबदारी बँक ऑफ महाराष्ट्रकडे आहे.